अडुळशाची दोन पानं

"मग शून्य नाही द्यायचं, तर काय द्यायचं गुरुजी?"

ओट्यावर टेकायच्या आधीच मीनलने विचारलं. हातात एकच उत्तरपत्रिका होती, घामाने मऊ पडलेली.

शिरसाट गुरुजींनी तीस वर्षं गावच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवला. आता तो वर्ग मीनलकडे होता. मराठीत एम. ए., पहिल्या श्रेणीत. नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते.

"आधी बसा, बाई."

ती बसली नाही.

"प्रश्न सोपा होता. 'संध्याकाळ झाली, झाडं झोपली.' अलंकार ओळखा. आणि कावेरीने लिहिलंय..." तिने वाचून दाखवलं, "'अलंकार नाही. झाडं झोपतात.'"

"बरं. मग?"

"मी हे वर्गात मोठ्याने वाचलं. सगळी हसली." ती थांबली. "मीही हसले, गुरुजी."

"आणि कावेरी?"

"चार दिवस शाळेत नाही. आई म्हणते, पोट दुखतंय म्हणून रडते. डॉक्टर म्हणतात, पोटात काही नाही..."

गुरुजींना खोकल्याची उबळ आली. मीनल दचकून दोन पावलं मागे सरकली.

"पण मी शिकवलं होतं हो! भिंतीवर तक्तासुद्धा लावलाय. 'सारखा', 'जणू' दिसलं की उपमा. होऊच शकत नाही इतकं फुगवून सांगितलं की अतिशयोक्ती. माणूस नसलेलं काही माणसासारखं वागलं की चेतनगुणोक्ती."

"आणि माणूस माणसासारखा वागला की?"

मीनलने उत्तरपत्रिका ओट्यावर ठेवली.

"तक्त्यात नसेल," गुरुजी म्हणाले. पुन्हा खोकले. "एक काम करता? कुंपणाशी अडुळसा आहे. दोन पानं आणा. काढा घेतो, छाती भरलीय."

करायला काहीतरी मिळालं म्हणून ती जवळजवळ धावलीच. उत्तरपत्रिका ओट्यावरच राहिली.

दिवेलागण झाली होती. समोरच्या घरात कुणीतरी उदबत्ती लावली होती, तिचा वास इथवर येत होता.

मीनलने फांदी वाकवली. पान चिमटीत धरलं.

...आणि सोडून दिलं.

"काय झालं?" गुरुजींनी ओट्यावरून विचारलं. "कीड आहे का?"

"नाही."

"मग?"

"दिवस मावळला, गुरुजी." तिचा आवाज एवढासा झाला. "आता कसं तोडू? आई कधी तोडू द्यायची नाही. झोपलं असेल ते..."

शब्द तोंडातून गेले, आणि तिचा हात तोंडावर आला.

उत्तरपत्रिका वाऱ्याने फडफडली, तेव्हा गुरुजींनी तिच्यावर तांब्या ठेवला, इतकंच.

मीनल कुंपणाशीच उभी राहिली. मग एकदम तिला रडू फुटलं, आवाज चढला.

"उद्या सकाळी जाते मी तिच्या घरी. पण जाऊन सांगू काय? बाई चुकली म्हणू? आणि हसली त्या पोरांना काय सांगू? सांगा ना गुरुजी, काय सांगू मी तिला!"

गुरुजींनी आलेला खोकला उपरण्यात दाबून धरला. ओठांवर बोट ठेवलं. अडुळशाकडे मान केली.

"आधी हळू बोला, बाई. ते झोपलंय."