जांभळाखालचा शेवटचा जोड

गावांना वेशी होत्या आणि रानांना राजे होते, तेव्हाची ही गोष्ट. एका राजाने नदीकाठचं रान राखून ठेवलं होतं. तिथे झाड तोडायचं नाही, शिकार करायची नाही. पण वनभोजनाला कुणीही यावं, नदीत मनसोक्त डुंबावं आणि दिवस मावळायच्या आत फाटकाबाहेर पडावं, अशी मुभा होती. दिवस मावळला की फाटक बंद. आत राहिलेला माणूस मग आतच.

नदी मोठी मवाळ. भोवरा नाही, खळखळ नाही. बायका वाळलेला भोपळा कमरेला बांधायच्या आणि पाण्यावर उताण्या पडायच्या. नदी त्यांना अलगद वळणापर्यंत न्यायची. तिथे उतरून वाळूवरून चालत परत यायचं.

रीत एकच होती. पाण्यात शिरण्याआधी चपला काठावरच्या जांभळाखाली काढायच्या, आणि झाडाखाली एक जरी जोड उरला तरी कुणी तिथून हलायचं नाही. असं का, ते कुणी विचारत नसे. सोपी रीत होती म्हणून सगळ्या पाळत. सोपी असते तोवर पाळायला काय जातंय!

एका घरच्या दोघी जावा सासूबरोबर या वनभोजनाला आल्या. थोरली कामाला वाघीण. पण धाकटीने तिचा जीव नकोसा केला होता. धाकटी उशिरा उठायची, रेंगाळायची आणि एका शब्दाला चार शब्द परत करायची. सकाळी बैलगाडीत बसल्यापासून दोघींची जुंपली होती.

"चपलेला लाल दोरा?" थोरली म्हणाली. "बैलाची वेसण ओवलीस की काय?"

"अंगठा तुटला, शिवला," धाकटी म्हणाली. "तुटलं की उकिरड्यावर टाकायची सवय तुमची, जाऊबाई. माझी नाही."

सासू म्हणाली, "देवा, या दोघींतली एक तरी मुकी द्यायची होतीस."

नदीवर पोचल्या. घरून दोन भोपळे आणले होते. एकाला बुडाशी बारीक चीर होती. थोरलीला ती दिसली. तिने धडका भोपळा आपल्या कमरेला बांधला आणि चिरलेला धाकटीच्या हातात दिला. एवढीशी तर चीर, होऊ दे थोडी फजिती, असं मनाशी म्हणाली आणि पाण्यात शिरली.

"थांबा ना जाऊबाई, मला गाठ जमत नाहीये!" धाकटी ओरडली.

थोरली थांबली नाही.

पाण्यावर उताणं पडलं की कान पाण्याखाली जातात. वरचा आवाज बंद होतो. थोरलीला वर फक्त झाडांच्या फांद्या सरकताना दिसत होत्या. एकदा वाटलं, पाठीखालून कुणीतरी आपल्याच वेगाने चाललंय. एकदा वाटलं, कुणी "जाऊबाई" म्हणालं. तिने मान वळवली नाही. वळणाशी उतरली आणि एकटीच वाळूवरून परत निघाली.

जांभळापाशी येते तर धाकटी आधीच तिथे उभी! केस मोकळे, चेहरा हसरा.

"या जाऊबाई," ती म्हणाली. "दमलात का? आणा, मी पदर पिळून देते."

थोरली बघतच राहिली. धाकटीने तिचा पदर पिळला. सासूचे पाय चेपले. खरकटी भांडी न सांगता घासली. सासूने मुद्दाम टोमणा मारला तर म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." थोरलीनेही मारून पाहिला. तिलाही तेच, "बरोबर आहे तुमचं, जाऊबाई."

"नदीनं पोरीला सुधारलं गं!" सासू हरखून म्हणाली.

उन्हं कलली. बायकांनी आपापल्या चपला घातल्या आणि गाड्यांकडे निघाल्या. झाडाखाली एकच जोड उरला. लाल दोऱ्याचा.

"घाल की," थोरली म्हणाली.

"राहू दे ना, जाऊबाई. मला नाही लागत."

तेव्हा थोरलीचं लक्ष गेलं. सगळ्यांची लुगडी कधीच वाळली होती. हिच्या पदरातून अजून पाणी गळत होतं. एका लयीत, न थांबता. पायाशी डबकं झालं होतं, आणि रानात कुठे पाखराचा आवाज नव्हता.

गाडीवान ओरडला, "चला बाई, फाटक लावतील!"

"अगं, जोड उचल आणि टाक गाडीत," सासू म्हणाली. "झाडाखाली उरला नाही म्हणजे झाली रीत! माणूस तर समोर उभं आहे. आणि असं गुणी की दृष्ट लागावी."

थोरली जोड उचलायला वाकली. काय चाललंय ते तिला कळलं होतं, बरं का. कळलं नव्हतं असं म्हणू नका. तिला हेही दिसत होतं की ही घरी आली तर उद्यापासून घरात भांडण नाही. चूल वेळेवर पेटेल. कुणी तोंडाला तोंड देणार नाही. किती वर्षं तिने हेच मागितलं होतं. फक्त दोन चपला उचलायच्या आणि गाडीत बसायचं.

चपलेच्या तळव्यावर अंगठ्याचा खड्डा पडला होता. पाय आपटत चालणाऱ्या बाईचा खोल खड्डा.

थोरलीने चपला तिच्यापुढे मांडल्या. "घाल पाय."

तिने हसत पाय ठेवला. अंगठ्याचा खड्डा पाण्याने भरला. पाय पुढे पडला आणि चपला तिथेच राहिल्या.

थोरलीने त्या उचलल्या आणि नदीकडे धावली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने धाकटीला नावाने हाक मारली, "सगुणा!"

"ओ," मागून गोड आवाज आला. "मी इथेच आहे ना, जाऊबाई."

"सगुणा!"

"ओ. चला ना घरी."

नावाला तीही ओ देत होती. मग थोरलीने घरच्या अंगणात ओरडावं तसा आवाज लावला.

"अगं ए रेंगाळबाई! कुठे झोपा काढतेस? तो भोपळा चिरलेला होता, मी बघून दिला तुला! ऐकलंस? ये आणि भांड माझ्याशी! तुझ्या त्या वेसणीच्या चपला मी नाही उचलायची, तुझ्या तू घाल!"

मागून ओ आली नाही. भांडायचं कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

खालच्या अंगाला लव्हाळ्यात काहीतरी हललं. मग एक चिरका, दमलेला आवाज आला.

"बघून दिलात? मला वाटलंच होतं! कधीची ओरडतेय मी, कानात बोळे घातलेत का?"

थोरली गळ्याइतक्या पाण्यातून गेली. धाकटी एका मुळीला धरून होती. ओठ निळे, भोपळा बुडालेला. थोरलीने तिला केसांना धरून ओढत काठावर आणलं. जांभळाखालची ती पाणी गळणारी कुठे नव्हती. सासू एकटीच उभी होती, आणि तिच्या पायांजवळून एक ओला ओघळ वाळूवरून हळूहळू नदीकडे परत चालला होता.

धाकटीने चपला घातल्या. अंगठा खड्ड्यात बसला. राखणदार फाटक लोटत होता, तेवढ्यात गाडी बाहेर पडली.

घरापर्यंत धाकटी बोलत होती. चिरलेल्या भोपळ्यावरून थोरलीच्या सात पिढ्यांची उजळणी झाली. थोरली मधून मधून तिच्या लुगड्याचा काठ चाचपून बघत होती. गाव जवळ आलं तेव्हा तो वाळला होता.

"काय चाचपताय सारखं?" धाकटी खेकसली.

"काही नाही," थोरली म्हणाली. "बोल तू."

तात्पर्य: आपल्या मनासारखं वागणारं मिळालं म्हणून आपलं माणूस सोडून येऊ नये; जे भांडतं तेच आपलं असलं, तर त्यालाच हाक मारावी, आणि तीही खरं बोलून.