चांगुणेनं न तोडलेलं पोवळं

फार फार पूर्वी, माणसं शिडांच्या भरवशावर दर्या पार करायची त्या काळी, एका बेटावर चांगुणा नावाची कोळीण राहत होती. तिच्याइतकी खोल बुडी साऱ्या किनाऱ्यावर कुणाला जमत नसे.

बेटावर दर साल दर्यादेवीची जत्रा भरे. परतताना प्रत्येकाला आठवण म्हणून लाल पोवळ्याची फांदी हवीच असे. चांगुणा आणि तिचा दीर धाकू बुड्या मारमारून फांद्या आणत. होता होता खडक बोडके झाले.

एका साली खुद्द राणीसाहेब जत्रेला आल्या.

"जो सर्वांत मोठी फांदी आणेल, त्याला देवीच्या पालखीचा मान!" त्यांनी जाहीर केलं.

किनाऱ्यावर एकच गलका उठला. या मानाची चांगुणेला लहानपणापासून आस होती! तिनं आणि धाकूनं एकदमच सूर मारला.

खडकाच्या कपारीत तिला एक पोवळं दिसलं. लालबुंद, हातभर उंच! तिनं हात घातला, तशी फांद्यांवरची इवली पांढरी फुलं झटकन मिटली.

"अगंबाई, हे तर जिवंत आहे!"

फांद्यांआडून एक मासोळी म्हणाली, "चांगुणे, आता एवढंच उरलंय. याचीच पिल्लं नव्या खडकांना धरतात. हे तोडलंस, तर पुन्हा पोवळं व्हायचं नाही."

तेवढ्यात धाकूचा कोयता पुढे आला. चांगुणेनं त्याचं मनगट घट्ट धरलं. झटापट झाली, दम संपला आणि दोघं रिकाम्या हातांनी वर आली.

"वहिनी, वेड लागलं काय? मान गेला ना!" धाकू ओरडला.

"जाऊ दे," चांगुणा धापा टाकत म्हणाली. "राणीसाहेब, खालचं ते पोवळं शेवटचं आहे. तोडायचं नाही. बघायचं असेल, तर माझ्या होडीत बसा."

भर दुपारचं ऊन नितळ पाण्यातून थेट कपारीत उतरलं होतं. राणीसाहेब होडीच्या काठावरून वाकल्या. खाली एकेक फूल हळूच उघडू लागलं.

"उमललं! अहो, उमललं!" राणीसाहेब लहान मुलीसारख्या ओरडल्या. मग काय, होडीत चढायला झुंबड उडाली!

पालखीचा मान काही चांगुणेला मिळाला नाही. बोली फांदीची होती. पण त्या दिवसापासून राणीसाहेबांनी पोवळं तोडायला बंदी केली. वर्षं लोटली, खडक पुन्हा लाल झाले. धाकूच आता जत्रेकरूंना होडीतून नेई आणि सर्वांत मोठ्यानं ओरडे, "ते बघा, ते बघा!"

बोध असा: आवडलेली गोष्ट तोडून घरी नेऊ नये, ती जिथे जगते, तिथेच तिला जगू द्यावं.