भागनाकाचा खडक

फार वर्षांपूर्वी, तांबडवेळ गावाला बैलगाडीचीही वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा गावाचा एक नेम होता: जे दवंडीत आलं नाही, ते गावाला लागू नाही. सरकारी कागद वाचायचे कुलकर्ण्यांनी, आणि डफावर तीन थापा देऊन पुकारायचे भागनाकानं. भागनाक महारवाड्यातला म्हातारा. त्याची हाक ऐकली की चरणारे बैलही मान वर करत, असं म्हणतात.

कुलकर्ण्यांची सून दुर्गा सोळाव्या वर्षी विधवा झाली. भांडं पडलं तरी दचकणारी पोर ती. तिचे वडील न्यायला आले. एका मास्तरांनी तिला मागणी घातली होती. सासरे म्हणाले, "विधवेचं लग्न? तशी दवंडी या गावात झालेली नाही. उद्या न्हावी येईल, केस उतरतील, विषय संपला."

पण दुर्गानं दाराआडून ऐकलं होतं. विधवेला लग्नाची मोकळीक देणारा कागद महिन्यापूर्वीच आला होता, आणि सासऱ्यांनी तो उतरंडीच्या तळच्या मडक्यात दडवला होता.

दुपारी भागनाक परसात लाकडं टाकायला आला. कुंपणाआडून दुर्गानं सगळं सांगितलं.

"आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लगीन व्हतं, आक्का," म्हातारा म्हणाला. "तुमच्या पोरींनीच काय घोडं मारलंय? सांगा, कागदात काय हाय त्ये."

"मला वाचता येत नाही, भागूबाबा."

"मला तरी कुठं येतंय? ऐकलं तसं सांगा."

तिनं सांगितलं. त्यानं ते मनात धरलं.

सकाळी चावडीसमोरच्या काळ्या खडकावर भागनाक उभा राहिला. कुलकर्ण्यांच्या गड्यानं त्याचा डफ कोयत्यानं फाडला. तेव्हा भागनाकानं खडकावरच थाप दिली. खडक घणघणला! असं म्हणतात, तो नाद नदीपलीकडच्या सात गावांत गेला.

त्यानं दुसरी थाप दिली. हात फुटला, रक्त आलं.

"कागद कुठाय रे?" कुलकर्णी गरजले. "का सपान पडलं तुला?"

तेवढ्यात घरातून सगळी उतरंड कोसळल्याचा आवाज आला. सारं गाव दचकलं. दचकली नाही ती एकटी दुर्गा. डोक्यावरचा पदर पिठानं माखलेला, हातात कागद, अशी ती भर चावडीत आली.

तिसरी थाप तिनं दिली, असं म्हणतात. कोणी म्हणतं, खडक आपणच वाजला. पण थापा तीन झाल्या, भागनाकानं मनात धरलेलं सगळं पुकारलं, आणि नेम कुलकर्ण्यांनाही मोडता आला नाही. दुर्गा केसांनिशी वडिलांबरोबर गेली.

भागनाकाचं काम मात्र काढून घेतलं गेलं. तो जगला तोवर दर वर्षी मास्तरांशी झालेल्या दुर्गाच्या लग्नाच्या तिथीला त्याच्या दारात एक नवा डफ येत असे.

आजही तांबडवेळमध्ये नवरी मांडवात जाण्याआधी त्या खडकावर तीन थापा देते. आणि गावात सरकारी कागद आला, की आधी त्या खडकाजवळ गावची एखादी लेक तो मोठ्यानं वाचते. म्हातारी माणसं शेजारी बसून तिला बजावत राहतात, "सावकाश वाच, बाई. भागूबाबा ऐकतोय. एक ओळ गाळू नकोस."