‘कडेलोट’ला दहापैकी चार

“पस्तीस जणांनी डोक्यावर घेतलं, उस्ताद. एकीने नावं ठेवली. त्या एकीसाठी मी गेम बदलू?”

दस्तगीर उस्ताद गाडीच्या साखळीला तेल घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ओजस हर्डीकर भल्या पहाटे पुण्याहून निघून या जत्रेत पोचला होता. ‘कडेलोट’ हा मोटारसायकलचा व्हिडिओ गेम त्याने बनवलेला. कड्यावरून गाडी उडवायची, हवेत कोलांटी घ्यायची आणि चाकांवर उतरायचं. उस्ताद मौत का कुआँमध्ये उभ्या भिंतीवर गाडी पळवायचे. त्यांच्यामागे तीन महिने हिंडून ओजसने गाडीचा तोल समजून घेतला होता. तेव्हापासून तो त्यांना गुरू मानायचा. निदान सगळ्यांना तसं सांगायचा तरी.

“कोण ती?”

“नाशिकची वृंदा खैरनार. गेमची परीक्षणं लिहिते. दहापैकी चार दिलेत बाईने!”

“लिहिलंय काय?”

ओजसने मोबाईल काढला. वाचताना त्याच्या नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या.

“‘दिसायला गेम देखणा आहे. पण उतरताना मागचं चाक कधीकधी जमिनीला लागतच नाही. मग आपटलो तर चूक माझी की गेमची, तेच कळत नाही.’”

“लागतं का चाक?”

“...पन्नासात एखाद्या वेळी नसेल लागत.”

उस्ताद पुन्हा साखळीकडे वळले.

ओजसला राहवेना. संध्याकाळपर्यंत भागीदारांना कळवायचं होतं. गेम आहे तसा परदेशात काढायचा, की महिनाभर थांबून दुरुस्त करायचा? थांबलं तर ती बाई बरोबर होती, असं जगजाहीर कबूल केल्यासारखं. बाकी काहीही चाललं असतं, पण हे काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“तुम्ही फक्त म्हणा, नको बदलू. मी निवांत घरी जातो.”

उस्तादांनी फडक्याला हात पुसले आणि एक लाकडी हातोडी त्याच्यापुढे धरली.

“खेळाची वेळ झाली. आज फळ्या तू ठोक.”

दर खेळाआधी कुव्याच्या भिंतीची एकेक फळी ठोकून बघायची, हा उस्तादांचा नेम. तापाने फणफणले होते तेव्हाही त्यांनी तो मोडला नव्हता. ओजस मनातल्या मनात चरफडला. एवढ्या लांब काय सुतारकाम करायला आलो? पण गेला आत, आणि लागला ठोकायला.

ठक. ठक. ठक.

वर कठड्याशी माणसं जमू लागली. कुणीतरी शिट्टी मारली.

ठक. ठक.

भद.

ओजस थांबला. पुन्हा ठोकून पाहिलं. पुन्हा भद.

“उस्ताद, ही फळी सुटलीय.”

“बाकीच्या?”

“बाकीच्या पक्क्या आहेत. शंभर तरी असतील.”

“मग झालं तर.”

उस्तादांनी गाडी आत आणली, टांग टाकली आणि किक मारली. इंजिनचा आवाज घुमला तशी वरची गर्दी खूश झाली. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

हातोडी टाकून ओजस धावला आणि दोन्ही हात पसरून गाडीच्या पुढ्यात उभा राहिला.

“वेड लागलंय का तुम्हाला? फळी सुटलीय म्हणतोय ना मी!”

“एकच तर आहे.”

“अहो, त्या एकीवरून घसरलात तर मराल! उतरा खाली. मी नाही जाऊ देणार!”

उस्तादांनी गाडी बंद केली नाही. हँडल धरूनच त्यांनी वर गर्दीकडे पाहिलं.

“टाळ्या ऐकतोयस ना, बेटा? तेवढ्यावर नाही का चढायची गाडी?”