हळदीची रेघ

डोंगराच्या कुशीत एक हिरवीगार बाग होती. बागेच्या कडेला, पत्र्याच्या खोपटात, सगुणा आणि तिची आई राहत. ताटात भाकरी असे, मीठ असे, कधीमधी कांदा असे. एकदा आई ज्या बंगल्यात कामाला जाई, तिथल्या जेवणातून उरलेलं लेट्यूसचं एक पान तिने आणलं. झालरीसारखं, कुरकुरीत, पोपटी. अर्धं सगुणाला देऊन उरलेलं आईने डोळे मिटून खाल्लं. म्हणाली, "झऱ्याचं पाणी चावल्यासारखं लागतंय गं."

त्या एका बोलण्यापायी सगुणाने चोरी केली. बाग सांभाळणाऱ्या येसूमावशीच्या पुडीतून तिने चिमूटभर लेट्यूसचं बी उचललं. मागितलं असतं तर मावशीने दिलंही असतं, हे तिला नंतर सुचलं. कुणाला दिसू नये म्हणून तिने ते तेलाच्या जुन्या डब्यात माती भरून बोटभर खोल पुरलं.

मावशीने दोष दिला मुंग्यांना. "माझ्या बियांवर डल्ला मारता काय गं, चिमुरड्यांनो," म्हणत तिने त्यांच्या वाटेवर हळदीची जाड रेघ ओढली. मुंग्या रेघेपाशी येत, थबकत, रिकाम्याच परतत. सगुणा रोज ते बघे आणि तिचे कान तापत. मावशीने हाक मारली तरी तिची मान वर होत नसे. दहा दिवस झाले, डब्यात काही उगवलं नाही.

अकराव्या सकाळी डब्याच्या काठावर एक इवलीशी परी बसली होती. अंगात चुण्याचुण्यांचा पोपटी झगा, पंखांवर दवाचे चमचमते मणी. सगुणाचा जीव आईसाठी तुटतो, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, एक इच्छा पुरी करीन. पण इच्छा लख्ख उजेडात मागायची, आणि ज्याची वस्तू त्याच्यासमोर, मोठ्याने.

सगुणाचा चेहरा उतरला. "दुसरी मागितली तर? मावशीने सगळं विसरून जावं, अशी?"

"तीही मावशीसमोरच मागावी लागेल, सोनुले," परी हळूच म्हणाली.

डबा छातीशी धरून सगुणा वाफ्यात खुरपणाऱ्या मावशीपाशी गेली. पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिली. आईसाठी डबाभर पानं मागायची होती. तेवढ्यात रेघेपाशी अडलेली एक मुंगी दिसली.

"मावशी, बी मुंग्यांनी नाही नेलं. मी चोरलं. माझी इच्छा... त्यांची वाट मोकळी होऊ दे."

वाऱ्याची झुळूक आली आणि हळद सोनेरी धूळ होऊन उडाली. मावशीने हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग तिने डब्यात बोट खुपसलं.

"एवढं खोल? अगं, ही मेथी नव्हे. याला उजेड लागतो. नुसतं मातीवर भुरभुरायचं."

ती बोलतेय तोवर मुंग्यांची रांग डब्यावर चढली. मातीत शिरून एकेक मुंगी एकेक बी वर आणू लागली. काठावरची परी खुदकन हसली आणि पंख मिटून कोवळ्या उन्हात उन्हासारखीच विरघळून गेली. तिचा उजेड मातीवर जिथे सांडला, तिथे हिरवे हिरवे ठिपके उगवले.

"दाट झाली की मधली रोपं उपटून मला आणून दे," मावशी म्हणाली. सगुणाने पहिल्यांदा मान वर केली.

महिन्याभराने आई पोटभर झऱ्याचं पाणी चावत बसली. आणि भाकरीचा पहिला कण सगुणा अजूनही मुंग्यांच्या वाटेवर ठेवते. ठेवताना तिचे कान थोडे तापतातच.