हन्नाबाईचा हात

नगरकडचे ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतात. शिरटेंभीच्या देवळात नाताळच्या दिवशी पाद्री एकटाच बाळ येशूचा पाळणा म्हणतो आणि गावातली सर्वांत वयस्क बाई पुढे येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवते, तेव्हाच थांबतो. पाहुणे हसू लागले की देवळाची देखभाल करणारे पाटोळे मास्तर त्यांना बसवून घेतात आणि यामागची हकीकत सांगतात.

फार वर्षांपूर्वी इथे हॉलिस नावाचा गोरा पाद्री होता म्हणे. माणूस सरळ, पण कडक. शास्त्रात नाताळचा दिवस कुठेच लिहिलेला नाही, आपल्या पूर्वजांनी समुद्रापलीकडे हा सण पाळणे गुन्हा ठरवला होता, असे तो सांगे. एका नाताळला त्याने बाळ येशूचा पाळणा म्हणायला बंदी केली, सगळ्यांना विहीर खणायला धाडले आणि देवळातला पाळणा सोडायचे काम हन्नाबाईला दिले. हन्नाबाई गावची सुईण. दरवर्षी पाळणा बांधायची तीच. तिने मुकाट्याने गाठी सोडल्या. पाळणा रिकामा होता, पण हातात आला तो निजलेल्या मुलाच्या वजनाचा.

त्यानंतर गावात जन्मलेले पहिले मूल रडलेच नाही. धडधाकट होते, तोंड उघडी, डोळ्यांतून पाणी गाळी. आवाज तेवढा नाही. मग दुसरे तसेच, मग तिसरे. मूल जागे झालेले कळावे म्हणून आया त्यांच्या पायांत घुंगरू बांधू लागल्या. भर दुपारी घरोघरी नुसती घुंगरे वाजत आणि हन्नाबाई कानांत बोटे घालून बसे. गाठी आपल्याच हातांनी सुटल्या, हे तिला विसरता येईना.

चैत्रात पाद्र्याची बायको बाळंत झाली. मुलगी. तिनेही तोंड उघडले, आवाज नाही. पाद्री गुडघे टेकून प्रार्थना करत राहिला. उन्हे कलली तेव्हा त्याने विचारले, "हन्नाबाई, मी काय करू?"

"पाळणा म्हणा, साहेब. बांधते मी. पर म्हणायचा तुम्ही. बंदी तुमची हाय."

लाकडांच्या खोपटात टाकलेला पाळणा त्याने स्वतः उचलून आणला. हन्नाबाईने तो बांधला, मुलीला त्यात निजवले. पाद्री गाऊ लागला. त्याला सगळी कडवी येत होती, याचे तिला नवल वाटले. तिसऱ्या कडव्याला मुलगी रडली. पाठोपाठ गावभर, घराघरांतून, मुलांचे रडणे उठले.

पाद्री मात्र गातच होता.

"साहेब, रडली," हन्नाबाई म्हणाली. तो तिच्याकडे बघत गात राहिला. तेव्हा तिला कळले. त्याचे कान गेले होते. तिने पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्याचा तळवा मुलीच्या थरथरत्या छातीवर टेकवला. मरेपर्यंत तो बहिराच राहिला, असे सांगतात. लेकीचा आवाज त्याने कधी ऐकला नाही.

आजही शिरटेंभीत मूल कितीही रडले, अगदी भर उपासनेत रडले, तरी त्याला कुणी गप्प करत नाही. पाद्रीच उपदेश थांबवतो आणि ते रडून होईपर्यंत उभा राहतो.