परवाना कोणाच्या नावाने?

निंबसर संस्थानात मोटार चालवायला परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा सगळ्यात आधी भडकले ते महाराजांचे मेहुणे खंडेराव. भर दरबारात त्यांनी परीक्षक अनंतराव दिघ्यांना सुनावलं, "माझी परीक्षा घेणारे तुम्ही कोण? आजवर माझ्या मोटारीखाली साधी कोंबडीसुद्धा आलेली नाही. मुकाट्याने परवाना द्या, नाहीतर नोकरी सोडा!"

महाराजांनीही मान डोलावली.

"खरं आहे," दिघे हात जोडून म्हणाले. "परवाना आत्ताच देतो. फक्त तो सटवाजीच्या नावाने करावा लागेल."

"त्या दवंडीवाल्याच्या?" खंडेराव ओरडले.

"होय. तुमची मोटार निघाली की तोच पुढे ढोल बडवत धावतो. माणसं घरात पळतात, कोंबड्या कौलांवर चढतात. मोटारीखाली कोणी येत नाही, ही कामगिरी त्याची. तुम्ही नुसते त्याच्या मागून येता."

दरबारात हशा उसळला. महाराजही पोट धरून हसले आणि एकदम थांबले.

"दिघे, आमच्या मोटारीपुढेही तोच धावतो ना?"

दिघ्यांनी नम्रपणे मान खाली घातली.

"तिथे दोघं लागतात, सरकार."